२०११ची गाडी, पुढचे ब्रेक पॅड आणि १२,९०० रुपयांचं एस्टिमेट: यातलं नेमकं काय बदलायचं?

तर्रीपोहे | सोमवार, रात्री ९.१०

गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-३१ पासिंग, १,१२,००० किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात धागा "कोणती गाडी चांगली" यावर जाईल.

लक्षण: ब्रेक हलका दाबला की पुढून डाव्या बाजूनं बारीक शिट्टी. जोरात दाबला की आवाज बंद. पेडल थरथरत नाही, गाडी बाजूला ओढत नाही.

एका गॅरेजनं चाक न काढता हे लिहून दिलं:

पुढचे पॅड, सेट – २,४५०
डिस्क, दोन – ५,२००
कॅलिपर ओव्हरहॉल – १,८००
मागचे ड्रम सफाई आणि सेटिंग – ६००
ब्रेक ऑईल – ९००
ब्रेक क्लीनर आणि कन्झ्युमेबल – ४५०
मजुरी – १,५००
एकूण – १२,९००

दुसरा मिस्त्री म्हणतो, "फक्त पॅड टाका, सोळाशेत काम." एकाच गाडीला आठपट फरक कसा? कोण बरोबर?

---

स्पॅनर१० | सोमवार, रात्री ९.४८

दोघांनीही चाक काढलेलं नाही, म्हणजे दोघांचेही आकडे अंदाजपंचे. पहिल्यानं वाईटात वाईट धरलं, दुसऱ्यानं चांगल्यात चांगलं. गाडी बोलल्याशिवाय यातलं कुणी बरोबर ठरत नाही.

चाक काढून तीन गोष्टी मोजायला सांगा आणि आकडे कागदावर घ्या.

एक, चारही पॅडचं मटेरियल किती मिलिमीटर उरलंय. मागची लोखंडी पट्टी धरायची नाही, फक्त घासणारा भाग. छोट्या गाडीच्या नव्या पॅडवर तो साधारण १० मिमी असतो. ३ ला आला की बदलायचा, २ च्या खाली चालवायचा नाही.

दोन, दोन्ही डिस्कची जाडी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मधल्या टोपीवर किंवा कडेवर, 'मिन टीएच' आणि पुढे आकडा. गंजात दडलेली असते, वायर ब्रश मारा. नेटवरचा आकडा धरू नका, एकाच मॉडेलला सालाप्रमाणे आणि व्हेरियंटप्रमाणे वेगवेगळ्या डिस्क आलेल्या आहेत.

तीन, कॅलिपर (पॅडना डिस्कवर आवळणारा चिमटा) पिनवर हातानं सरकतो का आणि त्यातला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) दाबल्यावर आत जातो का.

शिट्टीबद्दल: हलक्या ब्रेकला वाजते, जोरात दाबल्यावर बंद होते, हे बहुतेक वेळा पॅडवरच्या पत्र्याच्या जिभेचं काम असतं. मटेरियल दोन-अडीच मिमीवर आलं की ती जीभ डिस्कला टेकते. ही जीभ बऱ्याच गाड्यांत फक्त आतल्या पॅडला असते. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तर दिसतो बाहेरचा पॅड. म्हणून "पॅड अजून अर्धा आहे" असं सांगणाऱ्यानं आतला पाहिलाय का, हे आधी विचारा.

---

बर्डीची_बस | सोमवार, रात्री १०.०५

बाप्पा, चाक न काढता डिस्क फेल! डोळ्यात एक्स-रे बसवून राहिले काय लोकं?

तर्रीपोहे भाऊ, मजुरीचं सांगतो. पुढच्या दोन चाकांचे पॅड काढून-घालून, पिन साफ करून, हात लावून तासाभराचं काम आहे. नागपुरात साध्या गॅरेजात ३०० ते ६०० च्या मध्ये बसते. अधिकृत वर्कशॉपात हजाराकडे जाते आणि त्यावर जीएसटी लागतो. १,५०० मध्ये मागचे ड्रम आणि ऑईल बदलणं धरलेलं असेल तर ठीक. पण ड्रमचे ६०० वेगळे लावले ना वरती? मग मजुरी दोनदा येऊन राहिली. हे विचारा.

---

पार्टनंबर | मंगळवार, सकाळी ७.३०

पॅडच्या किमतीबद्दल. तीन प्रकारचा माल मिळतो आणि गोंधळ तिथेच होतो.

गाडीच्या कंपनीच्या डब्यातला पॅड: छोट्या हॅचबॅकला साधारण १,४०० ते २,५००. कंपनीला माल पुरवणाऱ्या किंवा त्या तोडीच्या ब्रेक कंपन्यांचा स्वतःच्या डब्यातला पॅड (ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश, अलाइड निप्पॉन वगैरे): ८०० ते १,६००. आणि तिसरा, डब्यावर गाडीच्या कंपनीसारखं चित्र, आत बिननावाचा माल: ३०० ते ५००. हे आकडे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे दोनशे-चारशे इकडेतिकडे होतील. १,६०० मध्ये पॅड आणि मजुरी दोन्ही म्हणणारा मिस्त्री दुसऱ्या प्रकारचा पॅड घालणार असेल तर भाव रास्त आहे. तिसऱ्या प्रकारचा घालणार असेल तर महाग आहे.

दुकानात जाताना जुना पॅड सोबत न्या, नाहीतर आरसीवरचा चेसिस नंबर. नुसतं "२०११चं मॉडेल" सांगून मागू नका. त्या काळात वर्षाच्या मध्येच कॅलिपर बदललेल्या गाड्या आहेत. काउंटरवर जुना पॅड नव्यावर पालथा ठेवून चार जागा जुळवा: दोन्ही टोकांचे कान, पट्टीची लांबी, पट्टीची जाडी, जिभेची जागा. कान अर्धा मिलिमीटर मोठा असला तरी मिस्त्री हातोडीनं ठोकून बसवतो, आणि मग तो पॅड मागे सरकत नाही. चाक गरम, मायलेज कमी, महिन्याभरात एक पॅड संपलेला.

एका सेटमध्ये चार पॅड असतात, दोन्ही चाकांचे. एका बाजूचे दोन कोणी वेगळे विकत असेल तर घेऊ नका.

कराचं: २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बहुतेकांवर २८ होता. बिलात अजून २८ दिसला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. डब्यावरची एमआरपी करासहित असते, तिच्यावर पुन्हा १८ टक्के चढवायचे नसतात. आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, "ब्रेक पॅड १ सेट" एवढंच लिहिलेल्या बिलावर वॉरंटी कोण देणार?

---

लेथवरची | मंगळवार, सकाळी ९.१५

डिस्कचे ५,२०० सगळ्यात मोठा आकडा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

डिस्क मोजताना नव्वद टक्के लोक एकच चूक करतात. साधा व्हर्नियर बाहेरून लावतात. पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत घासत नाही, त्यामुळे जुन्या डिस्कच्या कडेला न झिजलेला, गंजलेला ओठ तयार होतो. व्हर्नियरचे जबडे त्या ओठावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड दाखवते. मायक्रोमीटर नसेल तर दोन नाणी घ्या. ओठाच्या आत, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरा, नाण्यांसकट मोजा, मग दोन नाण्यांची जाडी मोजून वजा करा. तीन-चार जागी मोजा, सगळ्यात कमी येईल तो आकडा खरा.

कोरलेल्या किमान जाडीपेक्षा कमी असेल तर डिस्क बदला, चर्चा नाही. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते, आणि पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर येतो. किमान जाडीपेक्षा मिलिमीटरभर जास्त असेल, खोल चर नसतील (नख अडकून थांबेल असे) आणि पेडल थरथरत नसेल, तर डिस्क राहू द्या. बारीक रेघा असतातच. नवे पॅड त्यांच्यावर बसतात.

लेथवर डिस्क मारून घेणं: हिंगणा एमआयडीसीकडे किंवा गॅरेजांच्या वस्तीत एका डिस्कचे १५० ते ३०० घेतात. मारताना प्रत्येक बाजूनं ०.२ ते ०.३ मिमी जातं, म्हणजे एकूण अर्धा मिमी. मारल्यानंतर किमान जाडीच्या वर निदान अर्धा-पाऊण मिमी उरणार असेल तरच करा. नाहीतर पुढच्या पॅडपर्यंत ती डिस्क टिकत नाही, मजुरी दोनदा जाते. छोट्या गाडीची चांगली डिस्क १,२०० ते २,२०० ला मिळते, त्यामुळे काठावरची डिस्क मारत बसण्यात अर्थ नाही. हे लेथवर पोट असलेली बाई सांगते आहे, लक्षात घ्या.

"डिस्क वाकली" हे वाक्यही तपासून घ्या. पेडल थरथरतं तेव्हा डिस्क वाकलेली क्वचित असते. बहुतेक वेळा ती जागोजागी कमी-जास्त जाड झालेली असते. आणि त्याचं मूळ बऱ्याचदा हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) असतं: डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंजाची खपली राहिली की डिस्क किंचित तिरकी फिरते, प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला चाटते आणि काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा पातळ होते. डायल गेज लावला तर डोल साधारण ०.१ मिमीच्या आत हवा. नवी डिस्क टाकताना हबचा चेहरा वायर ब्रशनं लख्ख न करणारा मिस्त्री तुम्हाला सहा महिन्यांनी पुन्हा भेटणार. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसायचा, पेट्रोलच्या चिंधीनं नाही.

---

बर्डीची_बस | मंगळवार, सकाळी ९.४०

ताई, नाण्याची आयडिया लय भारी. व्हर्नियर घेऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला पाहून मिस्त्रीचा चेहरा कसा होते ते बघायला पायजे.

---

घाटउतार | मंगळवार, दुपारी १.२०

कॅलिपर ओव्हरहॉल १,८०० या ओळीचा अर्थ विचारून घ्या. दोन अगदी वेगळी कामं या एका नावाखाली खपतात.

पहिलं: सरकत्या पिना काढणं, जुनं ग्रीस पुसणं, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर मारणं, नवं ग्रीस, फाटलेले रबरी बूट बदलणं. पिन-बूट किट १५० ते ४००, वेळ बाजूला पंधरा मिनिटं. हे प्रत्येक पॅड बदलताना झालंच पाहिजे.

दुसरं: पिस्टन पूर्ण बाहेर काढून आतली चौकोनी रिंग आणि धुळीचा बूट बदलणं. खरं ओव्हरहॉल हे. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, बूट फाटून आत पाणी गेलं असेल, ऑईल झिरपत असेल तरच करायचं. ठणठणीत पिस्टन उगाच उघडू नका. ही चौकोनी रिंग ब्रेक दाबताना किंचित पिळली जाते आणि पेडल सोडलं की सरळ होत पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतो तो या केसभरामुळे. रिंग कडक झाली किंवा पिस्टन गंजला की पॅड घासतच राहतो.

आता पॅडच्या झिजेवरून वाचायचं कसं:

आतला पॅड खूप झिजला, बाहेरचा बराच शिल्लक: पिन जाम (कॅलिपर सरकत नाही, सगळं काम पिस्टनच्या बाजूचा पॅड करतो) किंवा पिस्टन मागे येत नाही.
बाहेरचा जास्त झिजला: कॅलिपर पुढे सरकतो पण सुटत नाही, पुन्हा पिन बघा.
एकच पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला: पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड ज्यात बसतात ती चौकट) अडकलाय किंवा दोनपैकी एक पिन अडकली आहे.
एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा बरेच कमी: पिस्टन, नाहीतर रबरी होस (कॅलिपरला ब्रेक ऑईल नेणारी नळी).

होस कोणी बघत नाही. १४-१५ वर्षांच्या गाडीत होस बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगलेला असतो. दाबानं ऑईल जातं, परत येत नाही. परीक्षा सोपी: ब्रेक दाबून सोडा, चाक हातानं फिरवा. जड फिरत असेल तर त्या चाकाचं ब्लीडर निप्पल (ऑईल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) पाव आटा सैल करा. ऑईल पिचकारीसारखं उडून चाक मोकळं झालं तर दाब कोंडला होता, होस बघा. निप्पल उघडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिन. ही परीक्षा न करता दोन-अडीच हजारांचा कॅलिपर बदलला जातो आणि दुखणं तसंच राहतं.

---

स्पॅनर१० | मंगळवार, दुपारी २.०५

ग्रीसबद्दल भर. पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा कॅलिपरसाठीचं सिंथेटिक ग्रीसच. गॅरेजातल्या पिवळ्या डब्यातलं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नको. त्यातलं खनिज तेल पिनेवरचं रबर फुगवतं आणि दोन-तीन महिन्यांत पिन आधीपेक्षा घट्ट बसते. मिस्त्रीनं "भरपूर ग्रीस लावलंय" असं अभिमानानं सांगितलं तर कोणतं ते विचारा. पिनेला लागतं बोटाच्या टोकावर मावेल एवढं. खोबणीत ठासून भरलं तर हवा कोंडून पिन पिस्टनसारखी मागे ढकलली जाते.

ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या क्लिपा काढून त्यांच्याखालचा गंज कानशीनं साफ करायचा. क्लिपेखाली गंज फुगला की पॅडची जागा आवळते. नव्या पॅडच्या डब्यात क्लिपा आल्या असतील तर त्याच वापरा. दोन्ही खालच्या-वरच्या पिना एकसारख्या असतीलच असं नाही. काही कॅलिपरमध्ये एकीला रबरी बाही असते, काढताना जागा लक्षात ठेवा.

---

तर्रीपोहे | मंगळवार, सायंकाळी ६.३०

एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. बुधवारी सकाळी चाकं काढून मोजणार आहे. दोन प्रश्न: ब्रेक ऑईलचे ९०० बरोबर आहेत का? आणि पिस्टन मागे ढकलताना ब्लीडर उघडायचा की नाही, व्हिडिओंमध्ये दोन्ही दिसतं.

---

घाटउतार | मंगळवार, सायंकाळी ७.१०

ऑईल आधी. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. दोन्ही एकाच जातीचे, ३ च्या जागी ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. हे ऑईल हवेतलं पाणी पितं. नागपूरचा जुलै-ऑगस्ट त्याला पुरेसा आहे. म्हणून दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किमीला बदलायचं. पाणी पिलेलं ऑईल शहरात त्रास देत नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरताना देतं. सलग ब्रेक, कॅलिपर तापला, आतलं पाणी उकळून वाफ झाली, पेडल खाली गेलं. घाट ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा, हे नवे पॅड घातल्यावरही लागू आहे.

चारही चाकांचं ऑईल नीट बदलायला पाऊण ते एक लिटर लागतं. अर्ध्या लिटरची बाटली २०० ते ३०० ला. म्हणजे मालाचे ४०० ते ६०० आणि मजुरी धरून ९०० ठीक. पण ९०० घेऊन टाकीत फक्त वरून १०० मिली ओतलं तर ते बदलणं नव्हे. दोन रिकाम्या बाटल्या परत मागा.

क्रम: मास्टर सिलिंडरपासून (पेडलनं चालणारा ऑईलचा पंप) लांबचं चाक आधी. परदेशी व्हिडिओत मागचं उजवं आधी सांगतात, कारण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे आणि मास्टर सिलिंडरही. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत तो उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर पुस्तक मानायचं.

ब्लीडर मी उघडायला सांगेन. कॅलिपरमधलं ऑईल सगळ्यात घाण असतं, ते वर का ढकलायचं? निप्पलला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडा, उघडा, पिस्टन ढकला, बंद करा.

---

स्पॅनर१० | मंगळवार, सायंकाळी ७.४५

इथे असहमत. १५ वर्षं न उघडलेलं निप्पल पाना लावताच तुटतं. मग आठशेच्या कामाचं अडीच हजारांचं काम होतं. एबीएस असलेल्या गाडीत तुमचं म्हणणं पटतं, घाण एबीएसच्या मॉड्युलेटरकडे (त्याच्या व्हॉल्व्हच्या डब्याकडे) जाऊ नये. या गाडीत एबीएस नाही. टाकीचं झाकण सैल करायचं, सिरिंजनं वरचं थोडं ऑईल काढून घ्यायचं, जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पनं सावकाश ढकलायचं. ऑईल तसंही बदलायचंच असेल तर आधी सहा कोनी रिंग पान्यानं निप्पल सुटतं का बघा, रात्रभर गंजाचा स्प्रे मुरू द्या. चपट्या पान्यानं निप्पलचे कोपरे गोल करू नका.

आणि पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप खाली येते, कारण पिस्टन बाहेर आलेला असतो. कुणीतरी मध्येच वरून भरलेलं असेल तर पिस्टन ढकलताना ते सांडतं आणि बॉनेटखालचा रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका.

---

घाटउतार | मंगळवार, रात्री ८.०२

निप्पल तुटायचं भय मान्य. पण जे निप्पल आज सुटत नाही ते ऑईल बदलतानाही सुटणार नाही, मग दर दोन वर्षांचं ऑईल विसरायचं का? असो, तर्रीपोहे, सुटलं तर माझं ऐका, नाही सुटलं तर त्यांचं.

---

पार्टनंबर | बुधवार, सकाळी ६.५०

मोजायला निघायच्या आधी वाचा. जॅक फक्त उचलायला, टेकवायला घोडी (जॅक स्टँड) किंवा निदान काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या सिलखाली सारा. कॅलिपर होसला लोंबकळत सोडू नका, तारेनं स्प्रिंगला बांधा. काळी भुकटी कॉम्प्रेसरनं उडवू नका आणि फुंकू तर मुळीच नका. जुन्या, बिननावाच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्यानं ओली करून पुसा.

मेमध्ये हा उद्योग करायचा असता तर सकाळी आठच्या आत उरका म्हटलं असतं. यावरून आठवलं, "नागपूरच्या उन्हात पॅड लवकर जातात" हे दुकानात रोज ऐकू येतं. पारा इथे ४७ च्या वर गेलेला आहे, पण पॅड दोनशे-तीनशे अंशांवर आरामात काम करतो, त्याला ४७ म्हणजे थंडी. पॅड खातो तो सीताबर्डी-सदरचा सिग्नल-सिग्नल, आणि बांधकामांची धूळ. उन्हाचा त्रास होतो रबराला: बूट, होस, सील.

---

तर्रीपोहे | बुधवार, दुपारी १२.१५

मोजलं. डिस्कवर कोरलंय १८. नाण्यांच्या पद्धतीनं डावी १९.१, उजवी १९.३. (नुसत्या व्हर्नियरनं डावी २०.२ दाखवत होती!) चर नाहीत.

पॅड: डावा आतला २, डावा बाहेरचा ५. उजवा आतला ४, उजवा बाहेरचा ४.५. डावी खालची पिन पान्यानं फिरवावी लागली, बूट फाटलेला, ग्रीसच्या जागी तपकिरी भुकटी. पिस्टन दोन्ही गुळगुळीत, सी-क्लॅम्पनं सहज आत गेले. दोन्ही निप्पल सुटली. हँडब्रेक नऊ खटके ओढावा लागतो.

---

लेथवरची | बुधवार, दुपारी १२.४०

५,२०० वाचले. डिस्क राहू दे, फक्त कडेचा ओठ जास्त असेल तर कानशीनं उतरवून घ्या, नाहीतर नवा पॅड त्यावर चढून कुरकुरेल. पुढच्या पॅडच्या वेळी मात्र डिस्क धरून चला.

---

घाटउतार | बुधवार, दुपारी १.०५

आतला २, बाहेरचा ५, पिन जाम. पुस्तकातलं उदाहरण. पिन-बूट किट टाका, पिस्टनला हात लावू नका. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिनही नवी.

सगळं बसवल्यावर गाडी सुरू करून हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा दाबा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागे ढकललेले असतात. पहिल्या दाबाला पेडल फळीला टेकतं आणि गाडी समोरच्या भिंतीला.

मग नवे पॅड डिस्कवर बसवणं, म्हणजे घासून जुळवणं. आउटर रिंग रोडवर पहाटे मोकळा पट्टा बघा. मागे कोणी नसताना ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबानं, असं आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा किलोमीटर अंतर. पूर्ण थांबायचं नाही, गरम असताना पेडल दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग तेच थरथरणं. शेवटी पाच-सात मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. समृद्धीवर हे प्रयोग नकोत. पहिले दोनेकशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

---

तर्रीपोहे | शुक्रवार, रात्री ८.२५

काम झालं. पॅड (दुसऱ्या प्रकारचे) १,४८०, पिन-बूट किट ३२०, डॉट ४ दोन बाटल्या ४८०, क्लीनर २८०, सिलिकॉन ग्रीस १२०, मजुरी ऑईल आणि मागचं सेटिंग धरून ९००. एकूण ३,५८०. शिट्टी बंद.

पण मागचं सेटिंग व्हायचं राहिलं. उजवा ड्रम निघाला नाही, मिस्त्री म्हणाला सोमवारी या. हँडब्रेक अजून नऊ खटक्यांवर. एवढ्यासाठी परत जायलाच हवं का? आरसीला पुढच्या वर्षी १५ वर्षं होतात.

---

स्पॅनर१० | शुक्रवार, रात्री ८.५०

जायलाच हवं. मागचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेक) सैल असले की पेडल लांब जातं आणि सगळा भार पुढे येतो. पुढचे नवे पॅड मग लवकर संपतात. सोमवारी ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरचा (शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट बोटानं उचलून बघायला सांगा. आत ओल असेल तर सिलिंडर बदला, नुसतं पुसून चालत नाही. ऑईल लागलेले शूही जातात, ते जोडीनं बदलायचे. दोन्ही बाजूंची ऑटो-ॲडजस्टरची दातेरी फिरकी मोकळी फिरते का बघा. जुन्या गाडीत ती गंजून बसते आणि म्हणूनच खटके वाढतात. केबल आवळून खटके कमी करणारा मिस्त्री चुकीच्या टोकाला काम करतोय. आधी शू सेट करायचे, केबल सगळ्यात शेवटी. पाच ते सात खटक्यांवर गाडी चढावर धरली पाहिजे.

---

पार्टनंबर | शुक्रवार, रात्री ९.१५

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत देता येतो, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारला ही फी ५,००० झाली. तपासणीत हँडब्रेक बघतात. तेव्हा धावपळ नको, आत्ताच करून टाका.

---

बर्डीची_बस | शुक्रवार, रात्री ९.३०

आणि ड्रम निघाला काऊन नाही हे विचारलं का? बऱ्याच छोट्या गाड्यांच्या ड्रमच्या चेहऱ्यावर दोन आट्यांची भोकं असतात, ८ मिमी बोल्टची. दोन्हींत बोल्ट घालून आळीपाळीनं अर्धा-अर्धा आटा फिरवला की ड्रम आपोआप बाहेर येते. ओठ शूला अडकून राहिला असेल तर ड्रममागच्या पत्र्यातल्या छोट्या खिडकीतून ॲडजस्टरची फिरकी थोडी सैल करा. हातोडा मारून कडा फोडू नका.

आणि भाऊ, मिस्त्रीनं हँडब्रेक खाली सोडला होता ना?

---

तर्रीपोहे | शुक्रवार, रात्री ९.४१

...सोमवारी विचारतो.